जेवणाच्या आवाजांनी मुलीला असह्य त्रास होतो. हा हट्ट आहे की आजार?

रानजाई (सांगली)

नमस्कार. आम्ही विश्रामबागेत राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि आठवीत शिकणारी मुलगी असे पाच जण आहोत. मुलगी एरवी समंजस आहे, परंतु गेल्या वर्षापासून तिने आमच्याबरोबर जेवायला बसणे जवळजवळ सोडूनच दिले आहे. कोणी आमटी-भात ओरपला, पापड मोडला किंवा संध्याकाळी भडंगाची वाटी घेऊन कोणी शेजारी बसले, की ती ताट उचलून आतल्या खोलीत जाते. सर्वांत जास्त त्रास तिला आजोबांच्या चहाचा होतो. ते पूर्वीपासून बशीत चहा ओतून भुरके घेतात. पहिला भुरका कानावर पडताच तिच्या मुठी वळतात, मान ताठ होते, कानाच्या पाळ्या लाल होतात आणि डोळ्यांत पाणी येते. हे ती मुद्दाम करत असेल असे मला मुळीच वाटत नाही, कारण नंतर आजोबांना वाईट वाटले असेल म्हणून तीच रडत बसते.

आवाजाखेरीज आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे. समोर बसलेल्या माणसाने पाय हलवला तरी तिची तशीच तगमग होते. अभ्यास करताना बाबांचा हलणारा पाय दिसू नये म्हणून ती डोळ्यांच्या कडेला वही आडवी धरून बसते. याउलट गणपतीच्या मिरवणुकीत ती मैत्रिणींबरोबर डॉल्बीसमोर नाचते. एवढा दणदणाट चालतो आणि आजोबांचा चहा चालत नाही, म्हणजे हा निव्वळ हट्ट आहे, असे सासरे म्हणतात आणि त्यांना हा स्वतःचा अपमान वाटतो. मिरवणुकीतील लखलखत्या दिव्यांनी मात्र तिचे डोके दुखते. याचा वरील त्रासाशी काही संबंध आहे का? तिचे कान तपासावेत की मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे? आणि सवय व्हावी म्हणून तिला रोज पंगतीत बसवावे, हा नातेवाइकांचा सल्ला योग्य आहे का?

तंबोरा (मिरज)

ताई, मी श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते. प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करता येत नाही, पण तुम्ही केलेले वर्णन ‘मिसोफोनिया’ या अवस्थेशी फार जवळून जुळते. हे नाव २००१ साली मार्गारेट आणि पावेल जास्ट्रेबॉफ या संशोधक दांपत्याने दिले. यात त्रास आवाजाच्या मोठेपणामुळे होत नाही, तर ठरावीक आवाजांमुळे होतो, आणि ते बहुधा तोंडाचे, नाकाचे किंवा श्वासाचे असतात. म्हणूनच डॉल्बी चालतो आणि चहाचा भुरका चालत नाही, यात विसंगती काहीच नाही. उलट निदानाच्या दृष्टीने तुमच्या पत्रातील तीच सर्वांत उपयोगाची माहिती आहे.

काही आवाज आपल्या सगळ्यांनाच नकोसे असतात. तव्यावर उलथने खरवडले किंवा फळ्यावर नख ओढले की कोणाच्याही अंगावर शहारा येतो. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की साधारण २००० ते ५००० हर्ट्झ या पट्ट्यातील आवाज माणसाला सर्वाधिक अप्रिय वाटतात. आपला कानही याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. मिसोफोनिया त्याहून वेगळा आहे. त्याच विद्यापीठातील सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मिसोफोनिया असलेल्या आणि नसलेल्या माणसांना तीन प्रकारचे आवाज ऐकवले. पावसासारखे साधे आवाज आणि बाळाच्या रडण्यासारखे सर्वांना अप्रिय असणारे आवाज ऐकताना दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. चावण्याचे आणि श्वासाचे आवाज सुरू होताच मात्र मिसोफोनिया असलेल्यांच्या हृदयाचे ठोके वाढले, त्वचेवरचा घाम वाढला आणि मेंदूतील पुढच्या ‘इन्सुला’ या भागात जोरदार हालचाल दिसली. कोणती गोष्ट आत्ता महत्त्वाची आहे आणि शरीराने तिला कसा प्रतिसाद द्यायचा, हे ठरवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. मुठी वळणे आणि कानाच्या पाळ्या लाल होणे हे तुम्ही पाहिलेत, ते याच प्रतिसादाचे बाहेरून दिसणारे रूप असावे. हट्टाने कोणाला स्वतःचे ठोके वाढवता येत नाहीत, एवढे आजोबांना जरूर सांगा.

हलणाऱ्या पायाच्या त्रासालाही नाव आहे, ‘मिसोकायनेशिया’. याविषयीचा कॅनडातील एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील चार हजारांहून अधिक सहभागींपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी दुसऱ्याच्या चुळबुळीचा किंवा पाय हलवण्याचा कमी-अधिक त्रास होत असल्याचे सांगितले. आवाजाचा आणि हालचालीचा त्रास एकाच व्यक्तीत आढळणे नवलाचे नाही.

आधी कान तपासून घ्यावेत, असे माझे मत आहे. ऐकण्याचा आलेख बहुधा निर्दोष येईल. परंतु आवाज कोणत्या पातळीला नकोसा होतो हेही त्या वेळी मोजता येते. ती पातळी सर्वच आवाजांसाठी फार खाली आली असेल, म्हणजे भांड्यांचा किंवा रिक्षाच्या हॉर्नचा साधा आवाजही कानाला दुखावत असेल, तर तो ‘हायपरअॅक्युसिस’ हा वेगळा विकार ठरतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

कानात बोळे घालून दिवसभर वावरू देऊ नका. कानावर पडणारा आवाज सतत कमी झाला की मेंदू आतून संवेदनशीलता वाढवतो आणि मग बारीक आवाजही अधिक टोचू लागतो. त्याऐवजी जेवणाच्या वेळी खोलीत मंद, एकसारखा आवाज राहू द्यावा. पंखा चालतो, पावसाचे ध्वनिमुद्रण चालते. आमच्या गावात तंबोरे घडतात म्हणून म्हणत नाही, परंतु हळू आवाजात लावलेला तंबोरा माझ्याकडे येणाऱ्या काही मुलांना खरोखर मानवला आहे. त्याची अखंड आस चावण्याच्या तुटक आवाजांना बरेचसे झाकून टाकते.

डॉल्बीविषयी मात्र गैरसमज नको. तो तिला त्रासदायक वाटत नाही, याचा अर्थ तो तिच्या कानांना निरुपद्रवी आहे असा होत नाही. ८५ डेसिबल हा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, असा कामाच्या ठिकाणांसाठी एक प्रचलित दंडक आहे आणि दर ३ डेसिबल वाढीला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. मिरवणुकीत कानात बोळे घालणे योग्य, घरात जेवताना नव्हे.

अजिंक्यतारा (सातारा)

ताई, मला हा त्रास शाळेत असल्यापासून आहे आणि आता माझी मुले शाळेत जातात. वरील प्रतिसादात शास्त्र आले आहे, म्हणून मी फक्त घरातले सांगतो.

पंगतीत बळजबरीने बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. सवय होईल म्हणून मला माझे काका मुद्दाम शेजारी बसवत आणि चुलत भावंडे गंमत म्हणून कानाशी मचमच करत. सवय झाली नाही. झाले एवढेच, की पुढे त्या माणसांचा नुसता चेहरा दिसला तरी पोटात गोळा येऊ लागला. या त्रासाची वाईट गोष्ट ही, की आवाज अनोळखी माणसाचा असला तर तो कधीकधी सोसतो, पण घरच्या माणसाचा, ज्याच्यावर आपला जीव असतो त्याचाच, मुळीच सोसत नाही. त्यामुळे आजोबांना असे वाटणे साहजिक आहे, की नातीला आपला तिटकारा आला आहे. तुमची मुलगी मागाहून रडते, यावरून तसे नाही हे उघड आहे. ते आजोबांपर्यंत तिच्या तोंडून, शांत वेळी, चहा समोर नसताना पोहोचायला हवे.

आमच्या घरात एक खूण ठरलेली आहे. मी ताटाशेजारी पालथा हात ठेवला, की मी दोन मिनिटे बाहेर जाऊन येणार आहे असे सर्वांना कळते. कोणी का म्हणून विचारत नाही आणि परत आल्यावर कोणी टोमणा मारत नाही. ही मोकळीक मिळाल्यापासून मला प्रत्यक्षात उठावे लागण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले, कारण अडकून पडल्याची भीतीच अर्धा त्रास वाढवत असे. आणखी एक उपाय मला उपयोगी पडतो: समोरचा कुरकुरीत खात असेल तर त्याच वेळी मीही तसेच काहीतरी खातो. स्वतःच्या चावण्याने त्याचा आवाज झाकला जातो. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण भडंगाच्या वाटीवर निदान एवढा तरी प्रयोग करून पाहावा.

कान चांगले निघाले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला कचरू नका. नेदरलँड्समध्ये या त्रासासाठी बोधात्मक वर्तनोपचाराची रीतसर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले आणि उपचार घेतलेल्यांची लक्षणे कमी झाल्याचे दिसले. मीही तसे उपचार घेतले आहेत. भुरका मला आजही ऐकू येतो आणि आवडत नाही, परंतु त्यानंतरचा राग आता माझा दिवस खात नाही.

सावली (तासगाव)

दिव्यांनी डोके दुखते, हे वाक्य वाचून लिहायला बसले. माझ्या मुलाला प्रकाशसंवेदी अपस्मार, म्हणजे लखलखत्या प्रकाशाने येणारी फिट, आहे. तुमच्या मुलीला तो असेलच असे नाही. मायग्रेन असलेल्यांनाही तीव्र प्रकाश, झगमगाट आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दाट नक्षी सोसत नाही. तरीसुद्धा दिव्यांसमोर ती क्षणभर हरवल्यासारखी दिसते का, हाताला झटका येतो का, पापण्या फडफडतात का, हे पाहून ठेवा. यांपैकी काही दिसल्यास मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. मेंदूचा आलेख काढताना ते वेगवेगळ्या गतीने दिवा लुकलुकवून तपासतात.

अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांना प्रकाशाने फिट येते आणि त्यात लहान व किशोरवयीन मुले अधिक असतात. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप बहुधा घातक ठरते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या मालिकेचा एक भाग चालू असताना पडद्यावर लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला, आणि त्या संध्याकाळी ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. त्यातील बहुतेकांना पूर्वी कधी फिट आलेली नव्हती. त्यामुळे मिरवणुकीच्या ट्रॉलीवरचे भिरभिरते दिवे ही आमच्यासारख्या घरांना नुसती हौसेची बाब वाटत नाही. आपल्याकडे रस्त्याच्या दुतर्फा झाडे असतात, आणि त्यांतून जाताना खिडकीतून येणारे तुटक ऊनही माझ्या मुलाला चालत नाही.

असा प्रकाश अचानक समोर आला तर नुसते डोळे मिटू नयेत. प्रकाश पापण्यांतून आत जातोच. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे. फिट आलीच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. मिरवणुकीतले लेझर हा आणखी वेगळा धोका आहे: प्रखर झोत थेट डोळ्यात गेला तर पडद्याला इजा होऊ शकते. त्या बाजूला मुलांना पाहूच देऊ नये.

कृष्णाकाठ (सांगली)

मी त्या आजोबांच्या वयाचा आहे, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आम्ही दोघे गावभागातल्या माडीवर अडकलो होतो आणि आम्हांला बोटीने बाहेर काढले. तेव्हापासून बोटीच्या इंजिनाचा आवाज किंवा वाहिन्यांवर दाखवली जाणारी पुराची तीच तीच दृश्ये समोर आली, की माझ्या पत्नीचे हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी हा आघातानंतरचा ताण असल्याचे सांगितले. तुमच्या नातीचा त्रास या जातीचा नाही, कारण त्याच्यामागे अशी आठवण नाही. परंतु एखादा आवाज माणसाच्या शरीराचा असा ताबा घेऊ शकतो, हे मी रोज पाहतो. आम्ही पावसाळ्यात बातम्या वाचतो, पाहत नाही. आजोबांनी सकाळचा चहा गच्चीवर किंवा व्हरांड्यात घ्यावा. त्यात मानहानी काही नाही, नातीसाठी एवढे करायला मी तरी एका पायावर तयार झालो असतो.

रानजाई (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. हे सर्व प्रतिसाद मी सासऱ्यांना वाचून दाखवले. ठोके वाढण्याची गोष्ट त्यांनी मला पुन्हा वाचायला लावली आणि तपासणीला मीही येतो म्हणाले. जाताना बरोबर काय न्यावे, आणि वर्गशिक्षिकांना हे कळवावे का, एवढे सांगाल का?

तंबोरा (मिरज)

जरूर कळवा. परीक्षेत पेनाची टिकटिक करणाऱ्या किंवा पाय हलवणाऱ्या मुलाच्या मागे न बसवता पुढच्या बाकावर भिंतीकडेला बसवले, तरी पुष्कळ होते. तपासणीपूर्वी काही दिवस तिला स्वतःला नोंद करू द्या: कोणता आवाज, कोणाचा, त्या वेळी झोप आणि भूक कशी होती, शरीरात प्रथम काय जाणवले. झोप अपुरी असताना हा त्रास वाढतो, हे त्या नोंदीतून बहुधा तुम्हांलाच दिसेल. सर्दी झालेली असताना येऊ नका आणि आदल्या दिवशी मोठा आवाज टाळा, नाहीतर आलेख फसवा येतो. दरम्यान तिला फारच अस्वस्थ वाटले, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. आजोबांना तपासणीच्या वेळी बाहेर न बसवता आत आणा. आवाज सुरू झाल्यावर तिच्यात काय बदल होतो, ते त्यांनी स्वतः पाहिलेले बरे.