विषय: ग्रेनफेल, ‘घरातच थांबा’ आणि आपल्या इमारती

प्रेषक: अ. गो., वेम्ब्ली

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या इमारतीच्या मॅनेजिंग एजंटकडून नुकतेच सर्व घरांना एक पत्र आले आहे. आग लागल्यास ‘आपल्या घरातच थांबा’ अशी सूचना आजवर तळमजल्यावरील फलकावर होती. ती आता रद्द झाली असून, बाहेरील भिंतींची तपासणी पूर्ण होईपर्यंत भोंगा वाजताच सर्वांनी जिन्याने खाली यावे, असे पत्रात म्हटले आहे. तपासणीत काय आढळले याविषयी त्यात अक्षरही नाही. आमचे घर चौदाव्या मजल्यावर असून आई आमच्याजवळच राहते. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे चार पायऱ्या उतरतानाही तिला आधार लागतो.

माझे प्रश्न दोन आहेत. जी सूचना इतकी वर्षे योग्य मानली गेली, ती एका पत्राने अयोग्य कशी ठरते? आणि भिंतींची दुरुस्ती करावी लागली, तर तिचा खर्च आम्हा लीजहोल्डरांच्या (दीर्घ भाडेपट्ट्याने घर घेतलेल्यांच्या) सर्व्हिस चार्जमध्ये येईल का? लंडनमधील ग्रेनफेल टॉवरची आग एका फ्रिजमुळे लागली, तेव्हा घरातली उपकरणे सांभाळली म्हणजे झाले, असा एक संदेश आपल्यापैकी अनेकांकडे फिरतो आहे. त्याने माझे समाधान झाले नाही, म्हणून हे पत्र.

आपला,
अ. गो.

प्रेषक: वि. के., हॅरो

चि. अ. यास अनेक आशीर्वाद. इतर सभासदांस नमस्कार.

माझी नोकरीची बहुतेक वर्षे इमारतींचे नकाशे तपासण्यात गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. फ्रिजचा संदेश कृपा करून पुढे पाठवू नये. १४ जून २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर उत्तर केन्सिंग्टनमधील ग्रेनफेल टॉवरच्या चौथ्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली, हे खरे आहे. तेथील रहिवाशाने शेजाऱ्यांना उठवले आणि १२ वाजून ५४ मिनिटांनी अग्निशमन दलाला फोन केला. चौकशीतही त्याच्याकडे कोणताही दोष गेलेला नाही. अशा आगी लंडनमध्ये वरचेवर लागतात आणि त्याच खोलीत विझतातही. येथे मात्र जवान त्या स्वयंपाकघरात पाणी मारत होते, तोवर खिडकीच्या चौकटीच्या फटींतून ज्वाळा बाहेरच्या आवरणात शिरल्या होत्या. तेथून चोवीस मजल्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचायला त्यांना साधारण वीस मिनिटे लागली. ७२ माणसे गेली, त्यांत १८ मुले होती.

इमारत १९७४ साली पूर्ण झाली, तेव्हा तिच्या भिंती काँक्रीटच्या होत्या. आता ‘घरातच थांबा’ या सूचनेविषयी. ती मुळात वेडगळ नाही. प्रत्येक घर ही एक बंद पेटी आहे, तिच्या भिंती आणि छत आगीला तासभर तरी, तर दार अर्धा तास अडवून धरते, आणि म्हणून एका घरातील आग विझेपर्यंत इतरांनी जिन्यात गर्दी करण्याऐवजी आपापल्या घरी थांबणे अधिक सुरक्षित, असा तो हिशेब आहे. याच हिशेबावर या देशात उंच निवासी इमारतीही एकाच जिन्यावर उभ्या राहिल्या. ग्रेनफेललाही जिना एकच होता, तोही अरुंद.

२०१६ साली पूर्ण झालेल्या नूतनीकरणात या काँक्रीटवर बाहेरून नवा अंगरखा चढवला गेला. आधी जस्ताच्या पत्र्यांचा विचार होता, पण खर्च वाचावा म्हणून अ‍ॅल्युमिनियमचे दुहेरी पत्रे घेतले गेले. अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या दोन पत्र्यांमध्ये तीन मिलिमीटर पॉलिएथिलीन, अशी त्यांची घडण. पॉलिएथिलीन वितळते, पेटते आणि जळते थेंब खाली गाळते. त्यामागे उष्णतारोधक फोम, तोही जळणारा. या दोहोंमध्ये धुराड्यासारखी उभी पोकळी होती, आणि ती मजल्यागणिक बंद करणारे अडथळे कोठे नव्हते, तर कोठे नीट बसवलेले नव्हते. आग बाहेरून वर चढली आणि खिडक्या फोडून एकाच वेळी अनेक घरांत शिरली, तेव्हा पेटीचा हिशेब संपला. सूचना मात्र संपली नाही. घटनास्थळावरील अधिकाऱ्यांनी ती मागे घेतली २ वाजून ४७ मिनिटांनी. ती दीड ते एक वाजून पन्नास मिनिटे या वेळातच मागे घेता आली असती आणि त्यामुळे जीव वाचले असते, असे चौकशीचे अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनी ऑक्टोबर २०१९ मधील पहिल्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे.

तेव्हा चि. अ., तुमच्या पत्राचा अर्थ असा की तुमची इमारत अजूनही बंद पेट्यांचीच आहे, याची खात्री देण्यास सध्या कोणी तयार नाही. कारण न सांगणे मात्र गैर आहे. ते लेखी मागा.

खर्चाचे सांगतो. इमारत निदान ११ मीटर उंच किंवा पाच मजली असेल, लीज १४ फेब्रुवारी २०२२ पूर्वीचे असेल आणि त्या दिवशी ते तुमचे मुख्य घर असेल किंवा या देशात तुमच्या मालकीची तीनांहून अधिक घरे नसतील, तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्यान्वये धोकादायक क्लॅडिंगचा (भिंतींवरील बाहेरच्या आवरणाचा) खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. अग्निसुरक्षेच्या इतर दोषांसाठी लंडनमध्ये सर्वसाधारण घराला १५,००० पौंडांची मर्यादा आहे. घर विकले, तरी हे संरक्षण घराबरोबर जाते. भाड्याने देण्यासाठी चार-पाच फ्लॅट घेऊन ठेवलेल्या आपल्या काही सभासदांनी मात्र हे कलम स्वतः वाचावे, कारण त्यांची परिस्थिती वेगळी असू शकते.

आपला,
वि. के.

प्रेषक: सौ. शा. पं., ईलिंग

आदरणीय भाऊसाहेब आणि सर्व सभासद,

आपले विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण अ. यांच्या आईंचा प्रश्न त्यात बाजूलाच राहिला. ग्रेनफेलमधील अपंग रहिवाशांपैकी जवळजवळ ४० टक्के त्या रात्री मृत्यू पावले. त्यांतील अनेकांना वरच्या मजल्यांवर घरे दिलेली होती, आणि कोण कोणत्या घरात आहे व कोणाला उतरता येणार नाही, याची अद्ययावत यादी दलाच्या हाती नव्हती. अशा प्रत्येक व्यक्तीसाठी बाहेर काढण्याची स्वतंत्र योजना असावी, ही शिफारस २०१९ च्याच अहवालात होती. ती व्यवहार्य नाही म्हणून २०२२ मध्ये सरकारने बाजूला सारली, आणि अपंग रहिवाशांची संघटना न्यायालयापर्यंत गेल्यानंतर, बऱ्याच कालहरणाने, ६ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत ती काहीशा सौम्य रूपात आली आहे. निदान १८ मीटर उंच किंवा सात मजली इमारतींना, तसेच ११ मीटरहून उंच असून सर्वांनी एकदम बाहेर पडण्याची सूचना असलेल्या इमारतींना हे नियम लागू आहेत. अ. यांनी आईंचे नाव इमारतीच्या अग्निसुरक्षेस कायद्याने जबाबदार असलेल्या व्यक्तीकडे लेखी नोंदवावे आणि घरी येऊन धोक्याची पाहणी करण्याची मागणी करावी. नोंदणी ऐच्छिक आहे. आपण सांगितले नाही, तर त्यांना कळणार नाही. आपल्या वयाच्या बायका ‘कशाला उगीच लोकांना त्रास’ म्हणून नाव द्यायला तयार होत नाहीत, हे मी रोज पाहते, म्हणून आईंशी आधी बोलावे.

एक गोष्ट तीव्रतेने जाणवते, ती लिहिते. या घटनेला ‘दुर्दैवी अपघात’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. सप्टेंबर २०२४ च्या दुसऱ्या अहवालाचा निष्कर्ष असा आहे की, हे सर्व मृत्यू टाळता येण्याजोगे होते. याच जातीच्या पत्र्यांची मोठ्या प्रमाणावरील चाचणी सरकारी खर्चाने २००१ मध्येच झाली होती, ते भडकून जळाले होते, आणि तो निकाल गोपनीय ठेवला गेला. पुढे २००९ मध्ये कॅम्बरवेलच्या लाकनल हाउसच्या आगीत सहा जण गेले, कोरोनरने (मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने) २०१३ मध्ये नियमांचे मार्गदर्शन सोपे करण्यास सांगितले, आणि सरकारचे संबंधित खाते स्वस्थ राहिले. फोम विकणाऱ्या एका कंपनीने तर चाचणीच्या वेळी भिंतीत न जळणारे फलक घालून निकाल मिळवला आणि जाहिरातीत त्यांचा उल्लेख टाळला. यात दैव कोठे आले?

आपली,
शा. पं.

प्रेषक: ह. दे., स्लाव

नमस्कार.

माझ्या मते आपण येथील व्यवस्थेचे नको इतके कौतुक करतो. मुंबईत उंच इमारतीत २४ मीटरच्या वर ठराविक मजल्यांवर रेफ्युज एरिया (आगीत आसरा घेण्याची मोकळी जागा) ठेवावाच लागतो, आणि २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. तिकडे जे कायद्यात आहे, अगदी तशी सक्ती येथे २०१७ पर्यंत नव्हती.

ह. दे.

प्रेषक: वि. के., हॅरो

श्री. ह. दे. यांस नमस्कार.

कायद्याविषयी आपले म्हणणे योग्य आहे, परंतु ऑगस्ट २०१८ मध्ये परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागून चार जण गेले, तेव्हा त्या इमारतीला ओसीच (भोगवटा प्रमाणपत्रच) नसल्याचे पुढे आले, आणि तरीही तेथे लोक वर्षानुवर्षे राहत होते. ग्रेनफेलला कागद होते, पण त्यांवर सह्या करणाऱ्या प्रत्येकाने आग रोखण्याची जबाबदारी दुसऱ्याची आहे, असे धरले होते. वास्तुविशारद, कंत्राटदार, क्लॅडिंगचा उपकंत्राटदार आणि अग्निसुरक्षा सल्लागार यांच्या साक्षी वाचल्या, तर चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाताना दिसतो. काउन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलने (बांधकाम नियमांप्रमाणे आहे का, हे तपासणाऱ्या विभागाने) तो अडवायला हवा होता. ते माझे क्षेत्र असल्यामुळे सांगतो, हा भाग वाचताना मान खाली जाते.

सौ. शा. पं. यांचा आक्षेप मला मान्य आहे. मात्र सर्वांनी सर्व इमारतींत आता भोंग्याबरोबर खाली धावावे, असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये. ज्या इमारतीच्या भिंती तपासून निर्धोक ठरल्या आहेत, तेथे धुराने भरलेल्या जिन्यापेक्षा बंद दारामागचे घर आजही बरे.

दाराचे निघालेच म्हणून सांगतो. ग्रेनफेलमध्ये अनेक घरांच्या मुख्य दारांचे क्लोजर (दार आपोआप मिटवणारी यंत्रे) मोडलेले होते किंवा काढून टाकलेले होते. माणसे पळताना दारे उघडीच राहिली, आणि धूर लॉबीत व तेथून जिन्यात गेला. आपापले दार वीतभर उघडून सोडून पाहावे. हात न लावता ते मिटून खटका बसला पाहिजे. न बसल्यास क्लोजरचा स्क्रू फिरवायला माणूस बोलवावा. दार ‘धाडकन आपटते’ म्हणून त्याचा दांडा काढून ठेवू नये.

वि. के.

प्रेषक: अ. गो., वेम्ब्ली

आदरणीय काका, शा. काकू आणि ह. दे.,

सर्वांचे आभार. काकूंच्या सांगण्याप्रमाणे आईचे नाव लेखी कळवले आहे. आरंभी ती तयार नव्हती, पण शेजारच्या गुजराती आजींनी नाव दिल्याचे कळताच तीही तयार झाली. एजंटने उत्तरात तपासणीचा अहवाल ‘योग्य वेळी’ देऊ असे लिहिले, तेव्हा आम्ही नऊ घरांनी मिळून अग्निजोखमीच्या मूल्यांकनाची आणि बाह्य भिंतींच्या पाहणीची प्रत मागणारे एकच पत्र पाठवले. आमच्या मजल्यावरील दारे मी काकांच्या पद्धतीने तपासली. सहापैकी दोन मिटत नाहीत, आणि लॉबीतून जिन्याकडे जाणाऱ्या सामाईक दाराचा खालचा रबरी पट्टा निखळला आहे. २३ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा इमारतीतील सामाईक दारांची दर तीन महिन्यांनी तपासणी व्हायला हवी, म्हणून शेवटच्या तपासणीची तारीखही पत्रात विचारली आहे.

ज्या सभासदांच्या इमारतींतही फलकावरील सूचना बदलली असेल, त्यांनी कळवल्यास पत्राचा मसुदा पाठवतो.

आपला,
अ. गो.