तो-ती-ते चा गोंधळ, मुलाला कसं शिकवायचं? (तक्ता करून झालाय)

खेळण्यांचा_ढीग:
मुलगा सहा वर्षांचा, घरात मराठीच बोलतो आम्ही, बडबड अखंड चालू असते. पण नावाच्या जागी तो, ती, ते घालायची वेळ आली की गाडी घसरते. कालचे नमुने देते. "खेळणी पसरलीत पण मी त्या नाही उचलणार." "वासरू पडलं, त्याला लागलं, तो रडतोय." आणि "बाबा झोपलेत, तो उठतच नाहीये." मी तीन लिंगांचा तक्ता करून भिंतीला लावला, तो घडाघडा पाठ झाला पण बोलण्यात फरक शून्य. काहीही सुचवा, फक्त अजून एक तक्ता नको प्लीज.

खडूफळा:
बरीच वर्षं पहिली-दुसरीला शिकवलंय त्यामुळे जरा लांबण लावते. तुमचा मुलगा चुकतोय खरा, पण डोकं लावून चुकतोय. 'खेळणी' कानाला कशी लागते, वाटी, काठी, पाटी तशीच ना? मग ई आली म्हणजे स्त्रीलिंग, आणि पसरलीत म्हणजे बरीच आहेत, म्हणून 'त्या'. हिशोब बरोबर आहे, फक्त खेळणी हे 'खेळणं'चं अनेकवचन आहे म्हणून तिथे 'ती' येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. वासराचंही तसंच, 'त्याला' हे रूप तो आणि ते दोन्हींना एकच, त्यामुळे त्याला म्हणून झाल्यावर मागे वळताना त्याने 'तो' पकडला.

खरी गोची ही आहे की आपल्याकडे 'ते' तीन ठिकाणी नोकरी करतं, ते झाड, ते मुलगे, ते आजोबा. आणि 'ती' दोन ठिकाणी, ती मुलगी आणि ती झाडं. हे सगळं एका तक्त्यात बघितलं की मोठ्यांचंही डोकं गरगरतं. म्हणून आधी फक्त एकवचन घ्या आणि सर्वनाम एकटं शिकवूच नका, विशेषणाच्या शेपटीला बांधा. मोठा डबा, तो. मोठी वाटी, ती. मोठं भांडं, ते. 'मोठा खेळणं' असं तो कधीच म्हणत नसेल, ऐकून बघा. म्हणजे लिंग त्याला येतंय, ते पुढच्या वाक्यातल्या सर्वनामापर्यंत पोचत नाहीये एवढंच. अनेकवचन नंतर, आणि जोडीनेच, एक खेळणं ते, ढीगभर खेळणी ती.

रिकामटेकडा:
परीक्षेसाठी पाठ केलेलं आज कामाला आलं. मराठीत मूळ सर्वनामं ९ धरतात, मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. त्यातली लिंगाप्रमाणे बदलणारी फक्त ३, तो, हा, जो. तेव्हा डोंगर वाटतो तेवढा नाहीये, 'तो' जमला की हा-ही-हे त्याच चालीवर येतं. (हे पोराला सांगू नका, तुमच्या समाधानासाठी आहे.)

दोन_पिल्लांची_आई:
आमच्याकडे 'ओळख पाहू' ने काम झालं. मनात एक वस्तू धरायची आणि नाव न घेता सांगायचं. "तो गोल आहे" म्हटलं तर चेंडू. "ती गोल आहे", बांगडी. "ते गोल आहे", चाक. सुरुवातीला मुलगी ती म्हटल्यावरही चेंडू म्हणायची, मग हरायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पहिल्या शब्दातच अर्धं उत्तर दडलंय. त्यानंतर ती माझ्या चुका काढायला लागली 😄
बोलताना चुकला तर "असं नाही म्हणायचं" करू नका, आमची त्याने गप्पच बसायला लागली होती. नुसतं बरोबर करून परत म्हणा, "हो का, वासरू पडलं? ते रडतंय का अजून?" आणि पुढे चला. आणि पेनवरून भांडू नका, कुणी तो पेन म्हणतं कुणी ते पेन, चालतं दोन्ही.

अर्धी_चड्डी:
माझ्या मुलीचं वेगळंच. मैत्रिणीबद्दल बोलताना "त्याचा भाऊ" म्हणायची, कारण भाऊ मुलगा ना! मग कागदावर शब्द तोडून दाखवला, ति + चा. पहिला तुकडा कोणाचा ते सांगतो, दुसरा काय आहे ते सांगतो. दोन रंगांच्या पेन्सिलींनी दोन बाण काढले, ति पासून मैत्रिणीकडे आणि चा पासून भावाकडे. गोष्टीच्या पुस्तकातही आता असे बाण काढतो, प्रत्येक तो, ती, ते पासून ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत.
एक तक्रार पण. वर्कशीटमध्ये होतं, "रिया आणि मोहन बागेत गेले. ___ झोपाळ्यावर बसली." तिने "ती दोघं" लिहिलं आणि ते चूक दिलं! अहो बसली म्हटल्यावर 'ते' कसं बसेल, आणि नुसतं 'ती' लिहिलं तर मोहन उभाच राहिला असं वाटतं.

खेळण्यांचा_ढीग:
हे बाण करून बघते. पण बाबांचं काय?

खडूफळा:
ते व्याकरण कमी आणि मान जास्त आहे. 'झोपलेत' मध्ये त्याने मान दिलाय, मग 'तो' म्हणून काढून घेतलाय. तेच क्रियापद धरून विचारा, "झोपलेत कोण? ते." आई मात्र ती आणि बाबा ते का, हे तो विचारणारच, त्याचं उत्तर तुम्ही दोघं मिळून द्या, मी नाही मधे पडत.

खेळण्यांचा_ढीग:
अपडेट. संध्याकाळी ओळख पाहू खेळलो. त्याचं कोडं, "ते गोल आहे आणि ते वरखाली होतंय." मी चाक, घड्याळ, फिरणारं खेळणं, सगळं म्हणून झालं. उत्तर: बाबांचं पोट. बाबा तिथेच झोपलेले. सर्वनाम बरोबर होतं त्यामुळे रागावताही येईना.