मदत हवी आहे: चाहत्यांच्या गटाचा लोगो नव्याने करायचाय, जुन्यातलं काय ठेवू?

नमस्कार मंडळी,

विज्ञानकथांच्या चाहत्यांचा आमचा एक ऑनलाइन गट आहे आणि त्याचा लोगो नव्याने करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. सध्याचा लोगो म्हणजे कडं असलेला ग्रह, त्याला छेदून तिरकं निघालेलं रॉकेट आणि खाली गटाचं पूर्ण नाव. वर चकाकी, सावली, रंगछटा, मेनूत जे जे सापडलं ते सगळं! मूळ फाइल कुणाकडेच नाही. आहे ती एक छोटी जेपीजी. मोठी केली की फाटते, आणि डार्क मोडमध्ये मागे पांढरा चौकोन दिसतो.

खरी पंचाईत लहान आकारात आहे. प्रोफाइलचं चित्र गोल कापलं जातं, त्यात नावाची दोन्ही टोकं जातात. फेविकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं चिमुकलं चिन्ह) तर १६ बाय १६ पिक्सेलचा. त्यात शिरोरेघ, वर वेलांटी, खाली उकार, मग अक्षराला उरतं काय? जोडाक्षराचा नुसता डाग होतो. म्हणून लहान जागी फक्त चिन्ह, सपाट दोन रंगांत, आणि नाव बॅनरपुरतं, असं ठरवलंय. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल) करतोय. नावासाठी मुक्ता हा फॉन्ट जाड वजनात छान बसतोय, शिवाय तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे परवान्याची कटकट नाही.

घोडं अडलंय ते चिन्हापाशी. जुन्या मंडळींना रॉकेट आणि कडं दोन्ही हवंय. पण ३२ पिक्सेलवर रॉकेट कड्याला छेदतं तिथे सगळं चिकटतं आणि चक्क 'प्रवेश बंद'ची खूण दिसते. छेदाच्या जागी फट ठेवून पाहिली. मोठ्या आकारात झकास, लहानात ती फट एका पिक्सेलपेक्षाही बारीक होऊन गायब. माझं मत विचाराल तर रॉकेट काढावं, हल्ली ते कुठल्याही ॲपवर दिसतं. कड्याला निदान स्वतःचा आकार आहे. (एका प्रसिद्ध मालिकेचं बोधचिन्हच थोडं बदलून घेऊ, अशीही सूचना आली होती. ट्रेडमार्कचं लचांड नको म्हणून ती तिथेच थांबवली.)

तर जाणकारांनो, लहान आकारासाठी वेगळं, फक्त कड्याचं चित्र करावं की दोन्हीकडे एकच चिन्ह ठेवावं? आणि रॉकेट काढायचंच झालं, तर सभासदांपुढे थेट नवा लोगो ठेवू, की आधी दोन-तीन पर्यायांवर मतदान घेऊ? मतदान घेतलं की सगळ्यांचं थोडंथोडं घेऊन पुन्हा खिचडी होईल, ही धास्ती आहे. तिन्ही आकारांतले कच्चे नमुने खाली जोडलेत. बिनधास्त झोडा.