बोनस दिसला म्हणून पॉइंट हॉटेलकडे वळवू नका

रिकामी_सूटकेस (धागाकर्ता)

आधी माझा गाढवपणा सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

गेल्या वर्षी बँकेची मेल आली. क्रेडिट कार्डाच्या खर्चावर जमलेले पॉइंट अमुक हॉटेल साखळीकडे वळवा, ३० टक्के जादा मिळवा, मुदत महिनाअखेर. माझ्याकडे ६०,००० पडून होते. ज्या हॉटेलावर डोळा होता तिथे रात्रीला २५,००० लागत होते. ६० चे ७८ हजार झाले, म्हणजे तीन रात्री निघून वर चिल्लर उरणार. तारखा ठरल्या नव्हत्या, पण म्हटलं बघू नंतर. 'नंतर' उजाडायला सात आठवडे गेले. तोवर तीच रूम ३४,००० वर जाऊन बसली होती. तीनाच्या दोन रात्री झाल्या आणि उरलेले १०,००० अजून त्या खात्यात पोरके पडलेत. बँकेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी अगदी शांतपणे सांगितलं, "सर, एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत." अटींत तसं लिहिलंही होतं. न वाचणारा मी.

तेव्हापासून माझा नियम असा: तारखा पक्क्या, रूम पॉइंटवर समोर दिसतेय, आणि पॉइंट पोचताच बुक करणार. तिन्ही जुळलं तरच हात लावायचा. बँकेत असलेला पॉइंट विमान कंपनीकडे जाऊ शकतो, चार हॉटेलांपैकी कुठेही जाऊ शकतो, काहीच नाही तर बिलातून वजा होतो. हॉटेलकडे गेला की तो त्या एकाच दुकानाचं कूपन होतो, आणि दुकानदार भाव रोज बदलू शकतो. हिल्टनने आपला ठरलेला पॉइंट-तक्ता (कुठल्या गटातल्या हॉटेलला रात्रीला किती पॉइंट, त्याची यादी) २०१७ मध्ये काढून टाकला, मॅरियटने मार्च २०२२ मध्ये. तिथे आज दिसणारा आकडा उद्या राहील असं कुणी लिहून देत नाही. हयात साखळीने तक्ता ठेवलाय, पण दरवर्षी काही हॉटेलं वरच्या गटात सरकतातच.

अजून एक खोच: बुकिंग रद्द केलं तर पॉइंट परत येतात, पण हॉटेलच्या खात्यात. बँकेत नाही. 'जमलं नाही तर कॅन्सल करू' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

हाणा आता.

---

चेकआऊट_अकरा

हाणतोच. तुमचं सगळं गणित एका गृहीतकावर उभं आहे, की बँकेतला पॉइंट सुरक्षित आहे. कुणी सांगितलं?

माझ्या बँकेने महिनाभराची नोटीस देऊन एका हॉटेलसाठीचं प्रमाण एकास एक होतं ते दोनास एक केलं. माझे ९०,००० एका रात्रीत ४५,००० च्या लायकीचे झाले. मीसुद्धा तुमच्यासारखाच शहाणा होतो, तारखा ठरू दे म्हणत बसलो होतो. नोटीसची मेल प्रमोशनच्या फोल्डरमध्ये गेली आणि मुदत संपल्यावर दिसली. माझ्या मित्राने वर्षभर आधीच सगळे वळवून ठेवले होते. हॉटेलने मधल्या काळात भाव वाढवले, पण दुप्पट नाही केले. तो माझ्यापुढेच राहिला.

हॉटेल हळूहळू कापतं, बँक एकदम कापते. ज्याला वर्षातून दोनदा एकाच साखळीत राहायचंच आहे, त्याने ३० टक्के बोनस सोडून वाट का पाहावी? तुमच्या उदाहरणातही बोनस नसता तर ६०,००० मध्ये ३४ च्या भावाने एकच रात्र आली असती. बोनसने तुम्हाला एक रात्र वाचवून दिली आणि तुम्ही त्यालाच शिव्या घालताय.

---

पाठीवरची_बॅग

वरच्या शेवटच्या ओळीला +१. धागाकर्त्यांची विकेट गेली. (हलके घ्या)

---

दशांशचिन्ह

दोघंही वाट कधी पाहायची यावर भांडताय. त्याआधीचा प्रश्न कुणी विचारत नाहीये: वळवायचेच का?

एक उदाहरण नीट मांडतो. समजा रूमचं भाडं २८० डॉलर आणि कर ४०. पाच रात्रींचे १,६०० डॉलर. मॅरियटमध्ये पॉइंटवर पाच रात्री घेतल्या तर चारचेच लागतात. रात्रीला ४०,००० धरले तर एकूण १,६०,०००. म्हणजे पॉइंटला बरोबर एक सेंट. वा! म्हणून लोक इथेच थांबतात.

पण रोखीने राहिलो असतो तर त्या १,४०० डॉलर भाड्यावर डॉलरला १० या दराने १४,००० पॉइंट मिळाले असते. ते बुडाले. त्यांची किंमत साधारण शंभर डॉलर धरा. म्हणजे खरा फायदा १,५००, पॉइंटला ०.९४ सेंट. हॉटेल रिसॉर्ट फी (भाड्याच्या वर वेगळी लावलेली फी) लावणारं असेल तर मॅरियट ती पॉइंटच्या मुक्कामावरही घेते, तेवढं आणखी वजा. (हयात पॉइंटच्या मुक्कामावर ती घेत नाही. हिल्टनही पूर्ण पॉइंटवर राहिलात तर घेत नाही.) आता तुमची बँक रोखीत पॉइंटला एक सेंट देत असेल तर १,६०,००० चे सरळ १,६०० हातात येतात. रोख घ्या, भाडं भरा, वर १४,००० पॉइंट कमवा.

याहून मजेशीर प्रकार आयएचजीचा (हॉलिडे इनवाली साखळी). ते स्वतःचे पॉइंट सेलमध्ये १०० टक्के बोनससह पॉइंटला अर्ध्या सेंटला विकतात. एक लाख बँक-पॉइंट एकास एकाने तिकडे वळवले तर एक लाखच मिळतात. तेच रोखीत घेऊन हजार डॉलरचे पॉइंट विकत घेतले तर दोन लाख. म्हणजे वळवणारा माणूस बटण दाबताक्षणी अर्धे घालवतो, आणि वर आनंदात असतो.

हिल्टनचं उलटं. अमेरिकेतल्या ॲमेक्स (अमेरिकन एक्सप्रेस) कार्डावरून तिथे एकाला दोन मिळतात. बँक रोखीत ०.६ सेंटच देणार असेल तर एक लाखाचे ६०० डॉलर, त्यात हिल्टनच्या सेलमध्ये अर्ध्या सेंटने १,२०,००० येतील. वळवले तर २,००,०००. तिथे वळवणंच बरोबर.

म्हणून 'हॉटेलकडे वळवावे का' याला एक उत्तर नाही. कुठली बँक, कुठलं हॉटेल, किती प्रमाण. बोनसचा टक्का हा शेवटचा आकडा बघायचा असतो, लोक पहिला बघतात.

---

खिडकीची_उशी

दशांशराव, हिशोब चोख आहे, पण तुम्ही धरून चाललात की मी ते १,६०० डॉलर रोख दिलेच असते. मी नसते दिले! मी त्यापेक्षा निम्म्या भाड्याच्या हॉटेलात राहिले असते. मग माझ्यासाठी त्या पॉइंटची किंमत एक सेंट नाही, अर्धाच सेंट.

आणि याची दुसरी बाजूही आहे. रोख हातात आली की ती किराणा-वीजबिलात कधी मुरते ते कळत नाही. पॉइंट हॉटेलच्या खात्यात बसले की निदान एक सहल होते. आमच्या घरी 'पॉइंट संपवायचेत' या एकाच कारणाने गेल्या चार वर्षांत दोन प्रवास झाले. नाहीतर यांना सुट्टी मिळत नाही आणि मला उत्साह नसतो. अर्थशास्त्राला ही गोष्ट चूक वाटेल, वाटू दे.

---

दशांशचिन्ह

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, माझ्याकडून राहिला. तुलना हॉटेलच्या छापील भाड्याशी न करता आपण एरवी जे खर्चलं असतं त्याच्याशी करायला हवी. दुसऱ्या मुद्द्यावर काय बोलणार! घरचं खातं आहे.

---

लाल_बिल्ला

एक पर्याय कुणीच लिहिला नाही. मॅरियटमध्ये पॉइंट्स ॲडव्हान्स नावाची सोय आहे. खात्यात पुरेसे पॉइंट नसतानाही पॉइंटची रूम धरून ठेवता येते, पॉइंट चेक-इनच्या १४ दिवस आधीपर्यंत भरले म्हणजे झालं. मी कायम हेच करतो. रूम धरली, प्रवास पक्का झाला, मग बँकेतून वळवले. प्रवास रद्द झाला तर पॉइंट बँकेतच. धागाकर्त्यांचा नियमही पाळला जातो आणि रूमही जात नाही.

---

चेकआऊट_अकरा

अर्धवट माहिती. त्यात रूम पक्की राहते, भाव नाही. पॉइंट भरेपर्यंत आकडा वाढला तर वाढीव भरावे लागतात. म्हणजे रिकामी_सूटकेस यांच्या बाबतीत जे झालं ते यातही झालंच असतं, फक्त रूम हातात असती.

---

रिकामी_सूटकेस (धागाकर्ता)

एकेकाला उत्तर देतो.

चेकआऊटराव, बोनसने मला एक रात्र वाचवून दिली हे खरं आहे आणि ते मला टोचलं. पण तुम्ही एक गोष्ट सोडून दिलीत. ते ६०,००० बँकेत असते तर मी दुसऱ्या हॉटेलात गेलो असतो किंवा विमानाचं तिकीट काढलं असतं. ३४ चा भाव बघून त्याच हॉटेलात जायची सक्ती माझ्यावर बोनसने आणली. तुमच्या बँकेने प्रमाण निम्मं केलं त्याबद्दल सहानुभूती आहे, पण ते एका हॉटेलसाठी केलं ना? बाकीचे रस्ते उघडे असतील. माझे सगळे बंद होते.

एवढं मात्र कबूल करतो की बँकेची नोटीस आली आणि त्या साखळीत वर्षभरात राहणं नक्की असेल, तर मुदतीच्या आत वळवावे. माझ्या नियमाला हा एक अपवाद. दुसरा अपवाद काढायला लावू नका.

लाल_बिल्ला, सोय माहीत नव्हती, आभार. भाव पक्का राहत नसला तरी रूम राहते हेही काही कमी नाही.

---

चेकआऊट_अकरा

रस्ते उघडे होते, पण मला त्याच रस्त्याने जायचं होतं. असो. अपवाद काढलात, निम्मा वाद जिंकलो.

---

संथ_लिफ्ट

भाव वाढण्याची एवढी भीती असेल तर अकोर या हॉटेल साखळीबद्दल कुणी का बोलत नाही? तिथे २,००० पॉइंटला ४० युरो, हॉटेल कुठलंही असो, मोसम कुठलाही असो. बिलातून वजा होतात. लॉटरी लागत नाही, पण खिसाही कापला जात नाही. तिथे ठेवलेला पॉइंट म्हणजे जवळजवळ पैसेच. तुमची बँक तिकडे चांगल्या प्रमाणात देत असेल तर आधी वळवून ठेवण्यात धोका फार कमी. फक्त प्रमाण बघा, तिथेच मेख असते.

बाकी वळवताना एक छोटी कटकट लक्षात ठेवा. कार्डावरचं नाव आणि हॉटेलच्या खात्यातलं नाव एकच हवं. माझ्या एका अक्षराच्या फरकाने व्यवहार नाकारला गेला आणि तो दुरुस्त होईतो चार दिवस गेले. रूम त्यातल्या दुसऱ्या दिवशीच गेली. म्हणून 'रूम दिसल्यावर वळवू' म्हणणाऱ्यांनी निदान खातं आधी जोडून, हजार पॉइंट पाठवून बघावेत. किती वेळात पोचतात तेही कळतं. काही ठिकाणी मिनिटात येतात, काही ठिकाणी दोन दिवस लावतात.

---

पाठीवरची_बॅग

हा हजारवाला सल्ला या धाग्यातला सगळ्यात कामाचा.

---

नवी_किल्ली

मी या प्रकारात अगदीच नवीन. सगळं वाचून गोंधळले आहे. धागाकर्त्यांच्या त्या उरलेल्या १०,००० चं काय होतं? ते मरतात का?

---

खिडकीची_उशी

खात्यात काहीच हालचाल नसेल तर मरतात. मॅरियट, हिल्टन, हयात यांच्याकडे २४ महिने, आयएचजीत स्टेटस (नेहमीच्या गिऱ्हाइकांना मिळणारा वरचा दर्जा) नसेल तर १२ महिने. हालचाल म्हणजे फार काही नाही, थोडे पॉइंट कमावले किंवा वापरले तरी पुरतं. दुसरं म्हणजे घरच्यांचे पॉइंट एकत्र करता येतात. हिल्टन फुकट करू देतं, हयातही देतं, तिथे फक्त ३० दिवसांतून एकदा. रिकामी_सूटकेस, तुमच्या घरात त्या साखळीचं खातं अजून कुणाकडे आहे का बघा की.

---

रिकामी_सूटकेस (धागाकर्ता)

हे डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता ताईला विचारलं. तिच्या खात्यात २१,००० आहेत, ऑफिसच्या कामाने राहिली होती त्याचे. तिलाही माहीत नव्हतं. दोन्ही मिळून ३१,०००. ती म्हणते पुढच्या महिन्यातल्या जोडसुट्टीला जाऊ. रूम दिसतेय. ३३,००० ला.

---

चेकआऊट_अकरा

दोन हजार कमी. आता?

---

रिकामी_सूटकेस (धागाकर्ता)

बँकेतून दोन हजार वळवतोय. तारीख ठरलीय, रूम समोर आहे, पोचताच बुक करणार. नियमात बसतं.

---

चेकआऊट_अकरा

आणि बोनस?

---

रिकामी_सूटकेस (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात संपला.