चीज बोर्डवर मायक्रोग्रीन्स माना टाकतात, काय करू?

मदत हवी आहे. मी नागपूरला धरमपेठेत घरून चीज-सलामीचे बोर्ड (पाटावर मांडलेलं चीज आणि सलामी, म्हणजे खारवलेल्या मांसाचे काप) करून देते. सजावटीला घरचेच मुळा, मोहरी, वाटाण्याचे मायक्रोग्रीन्स, म्हणजे खायची कोवळी रोपं. वाटाणा तग धरतो. मुळा-मोहरी तासाभरात माना टाकतात, फेटा चीज किंवा सलामीला टेकले की मिठाने आणखीच लवकर. ऐन वेळी कापणं, गार पाण्यात बुडवून कोरडे करणं, डब्यात ओलसर टिश्यू, सगळं करून झालं. कार्यक्रम लॉनवर असतात, एसी नाही, आणि आपला उन्हाळा तर ठाऊकच आहे. कोथिंबीर सुचवू नका, ग्राहकांना तो मुळ्याचा झणकाच हवा असतो. आता वाटतं, मुळांसकट छोटा ट्रेच बोर्डवर ठेवावा, पाहुणे कात्रीने कापून घेतील. पण कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याचा) भुगा चीजवर सांडायला नको. मग वाढवू कशावर?