कादंबरी मनात राहते ती आपली वाटते म्हणून, की परकी असूनही?

काटोलवाला:
जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' पुन्हा वाचली. १९३९ सालची. अमेरिकेच्या ओक्लाहोमातलं जोड नावाचं कुटुंब दुष्काळ आणि कर्जापायी जमीन गमावतं, जुन्या गाडीवर संसार लादतं आणि कामाच्या आशेने कॅलिफोर्नियाची वाट धरतं. माझं म्हणणं सरळ आहे. जी कादंबरी आपल्या मातीत येऊन उभी राहते तीच मनात घर करते. बाकीच्या थोर असतील, त्यांचा मान ठेवावा, पण त्या सोबत राहत नाहीत.

पंचविसाव्या प्रकरणात संत्र्यांचे ढीग आहेत. भाव पडू नये म्हणून त्यांच्यावर रॉकेल फवारतात, कारण फुकट मिळालं तर विकत कोण घेणार? उपाशी माणसं लांबून गाड्या काढून आलेली, आणि समोर रॉकेलने भिजलेली संत्री. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या दिवसांत आमच्याकडचा माणूस हे वाचून पुढच्या पानावर कसा जाईल? तिथे भाव टिकवायला फळ नासवतात, इथे भाव नाही म्हणून फळ नासतं. तोडणीची मजुरी आणि नागपूरच्या कळमना बाजारापर्यंतचं भाडंही सुटत नाही, म्हणून माल झाडावरच सोडलेला आम्ही पाहिलाय.

त्याहून जास्त छळतो तो ट्रॅक्टरचा प्रसंग. घर पाडायला आलेला ट्रॅक्टरवाला ओळखीच्याच घरचा पोरगा निघतो. रोजाचे तीन डॉलर मिळतात, घरी बायकापोरं आहेत, म्हणून आलाय. शेतकरी म्हणतो, तुला गोळी घालतो. पोरगा म्हणतो, मला मारशील तर उद्या दुसरा येईल. मग हुकूम देणाऱ्याला? त्याला बँक सांगते. आणि बँकेला? तिला पूर्वेकडून हुकूम येतात. मग गोळी घालायची तरी कोणाला? याचं उत्तर कादंबरी देत नाही. आमच्या गावात पीककर्जाच्या नोटिसा येतात तेव्हाही कोणी देत नाही.

धंतोलीची वाचक:
दादा, संत्र्यांचं प्रकरण तुम्हाला का सोडत नाही ते कळतं. पण त्यावरून नियम काढू नका. आमच्या घरात ना शेत, ना बाग. रशियातल्या सरदार घराण्यांशी तर माझा काडीचा संबंध नाही. तरी टॉलस्टॉयची 'अ‍ॅना कॅरेनिना' कॉलेजात वाचली तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

मॉस्कोहून परतलेली अ‍ॅना पीटर्सबर्गच्या स्टेशनवर उतरते. नवरा घ्यायला आलेला असतो, आणि तिच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरतात ते त्याचे कान. अरे देवा, याचे कान असे कधीपासून दिसायला लागले? कान आधीही तसेच होते. मधल्या काळात तिला व्रॉन्स्की हा तरुण लष्करी अधिकारी भेटलाय, नजर बदललीय, आणि टॉलस्टॉय हे समजावत बसत नाही. संसार मोडायला लागला हे मला त्या कानांवरून कळलं, पुढच्या रडारडीवरून नाही.

त्याच कादंबरीतला जमीनदार लेव्हिन मजुरांबरोबर गवत कापायला उतरतो तिथेही तेच. शेजारचा म्हातारा विळा चालवता चालवता अळिंबी दिसली की वाकतो, उचलतो, अंगरख्यात टाकतो. म्हातारीसाठी. लग्न, जमीन, देव असे एवढाले प्रश्न अंगावर घेतलेल्या लेखकाला त्या अळिंबीकडे बघायला सवड आहे! माझ्या लेखी कादंबरी टिकते ती या बघण्यामुळे. नुसतं साम्यच हवं असेल तर वर्तमानपत्र पुरे. विदर्भातल्या कर्जाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. त्यातली किती वाक्यं आठवतात?

अजनीकर:
मला दोघांचंही पटत नाही. ही पुस्तकं थोर आहेत हे आपल्याला वाचण्याआधीच सांगितलेलं असतं, आणि आपण त्या तयारीने बसतो. त्याच स्टाइनबेकने एक अख्खं प्रकरण कासवाच्या रस्ता ओलांडण्यावर घालवलंय. नव्या मराठी लेखकाने हे केलं असतं तर आपणच त्याला कात्री लावायला सांगितलं असतं.

दुसरं म्हणजे वय. दस्तयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' मी हॉस्टेलवर वाचली. खिसा रिकामा, डोकं तापलेलं, तिचा नायक रास्कोलनिकोव्ह मला सख्खा वाटला. चाळिशी उलटल्यावर वाचली तर त्याच्या लांबलचक बोलण्याने जीव कंटाळला. पुस्तकात अक्षरही बदललं नव्हतं. मग मोठेपण पुस्तकाचं म्हणायचं की त्या वयाचं?

काटोलवाला:
काऊन हो, कासवाने काय केलं? एक गाडीवाली बाई त्याला वाचवायला वळते, दुसरा गाडीवाला मुद्दाम अंगावर घालतो. कासव उलटं पडतं, सुलटं होतं, आणि त्याच्या कवचात अडकलेलं ओटचं कणीस मातीत पडून बी पेरलं जातं. पुढे त्या कुटुंबाला रस्त्यावर हेच भोगायचं आहे. ते प्रकरण कापलं तर कादंबरीचा पायाच काढल्यासारखं होईल. आणि वयाचं म्हणाल तर मी ही पहिल्यांदा वाचली तीच पन्नाशीनंतर.

ताई, बातमी विसरते हे खरं, कारण ती कारण सांगून मोकळी होते. पाऊस, बँक, भाव, संपलं. ट्रॅक्टरवरचा तो पोरगा मला मोकळं होऊ देत नाही. तो माझ्याच गावचा आहे म्हणूनच तसं होतं, हे मी सोडणार नाही. नवऱ्याच्या कानांवरचं तुमचं वाचलं, आवडलंही. पण ते माझ्यामागे शेतावर येणार नाही.

धंतोलीची वाचक:
मग टॉलस्टॉयचीच 'इव्हान इलिचचा मृत्यू' वाचा. १८८६ ची, अगदी लहान आहे. न्यायाधीश मरायला टेकलाय, आणि बायकोपासून डॉक्टरांपर्यंत सगळे 'बरं वाटेल' म्हणत खोटं वागतायत. गेरासिम हा नोकर तेवढा खोटं बोलत नाही. मालकाला बरं वाटतं म्हणून त्याचे पाय स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो रात्र-रात्र बसतो. त्या घरात तुमच्या मातीतलं काही नाही. वाचून झाल्यावर तो गेरासिम शेतावर आला की नाही तेवढं इथे लिहा. मग मातीच्या मुद्द्यावर पुन्हा भांडू.