अमेरिकन क्लायंटचं 'बॉलपार्क', 'टेबल इट', 'रेन चेक': ऐकल्यावर नेमकं करायचं काय?

मालाड_फास्ट:
टीमकडे नुकतंच न्यू जर्सीच्या क्लायंटचं काम आलंय. इंग्रजी कळतं, अडतात ते वाक्प्रचार. या आठवड्यातली चार वाक्यं: 'गिव्ह अस अ बॉलपार्क बाय ईओडी' (ईओडी म्हणजे 'एंड ऑफ डे', दिवसअखेर), 'लेट्स टेबल द रिपोर्टिंग मॉड्यूल', डेमोची वेळ विचारल्यावर 'कॅन आय टेक अ रेन चेक?' आणि 'शी फाउंड द बग राइट ऑफ द बॅट'. अर्थ गुगलवर सापडतो, पण ऐकल्यावर पुढे काय करायचं ते तिथे नसतं. जाणकारांनी सांगावं.

बोरीबंदर:
आधी 'टेबल', कारण तिथे अर्थ चक्क उलटा होतो. ब्रिटिश वळणात विषय टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. आपल्याकडे विधानसभेच्या पटलावर अहवाल ठेवतात, ते त्याच परंपरेतलं. अमेरिकेत मात्र टेबल करणं म्हणजे विषय सध्या बाजूला ठेवणं, आणि बरेचदा तो बासनातच जातो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची याच शब्दावरून लांबलचक खडाजंगी झाली, आणि दोघांना हवं होतं एकच. चर्चिलने ते लिहून ठेवलंय.

म्हणजे रिपोर्टिंग मॉड्यूल थांबवायचं, पण परस्पर नाही. मीटिंगच्या मिनिट्समध्ये 'ऑन होल्ड, टू बी रिव्ह्यूड ऑन' एवढं लिहून तारखेची जागा मोकळी सोडा. ती त्यांनीच भरायची. आठवड्याभरात भरली नाही तर एकदा आठवण करा. तोवर त्या कामाचे तास बिलात लावू नका, भांडणं तिथूनच सुरू होतात.

'बॉलपार्क' म्हणजे ढोबळ आकडा. लोक चुकतात ते असं: उत्तरात '412 तास' लिहितात. आकडा इतका काटेकोर दिसतो की समोरचा तो कोटेशन म्हणून धरून बसतो. त्याऐवजी '350 ते 500 तास' असा पल्ला द्या. खाली दोन ओळींत गृहीतकं: स्क्रीन किती, डेटा कोण देणार, टेस्टिंग धरलंय की नाही. शेवटी 'नॉट अ कोट'. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये अशा पहिल्या अंदाजाला उणे 25 ते अधिक 75 टक्के फरक धरण्याची पद्धत आहे, त्यामुळे पल्ला रुंद दिसतो म्हणून संकोच नको.

दादर_टीटी:
वरचं सगळं बरोबर. एक धरून चाला, की बॅट, बॉल, बेस, प्लेट असलं काही कानावर आलं की ते बेसबॉलचं आहे. आपला कान क्रिकेटचा, म्हणून घोळ होतो.

'राइट ऑफ द बॅट' म्हणजे लगेच, पहिल्या झटक्यात. इंग्लंडचा क्लायंट 'ऑफ हर ओन बॅट' म्हणाला, तर तिने कुणी न सांगता, आपणहून केलं. अप्रेजलच्या मेलमध्ये हे दोन एकमेकांत मिसळले तर शाबासकी भलत्याच गुणाची होते.

'स्ट्राइक' तर आणखी फसवं. क्रिकेटमध्ये स्ट्राइकवर असणं म्हणजे खेळायला मिळणं. बेसबॉलमध्ये स्ट्राइक फलंदाजाच्या विरोधात मोजतात, तीन झाले की बाद. 'वुई ऑलरेडी हॅव टू स्ट्राइक्स अगेन्स्ट अस' ऐकलंत तर समजा, आणखी एक चूक झाली की गाशा गुंडाळायचा. 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे जबाबदारी अंगावर घेणं, ताटाशी संबंध नाही. 'टच बेस' म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं. त्याला चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन घेऊन बसू नका. 'कर्व्हबॉल' तेवढा सोपा, ती आपली गुगली.

'रेन चेक'चा मुंबईच्या पावसाशी काडीचा संबंध नाही. 1880च्या दशकापासून तिकडे पावसाने सामना बुडाला की प्रेक्षकाला पुढच्या सामन्याला चालेल अशी चिठ्ठी मिळायची. म्हणून अर्थ: 'आत्ता नको, पुन्हा कधी बघू.' हा नकार आहे, फक्त गोड. कॅलेंडरवर डेमोचं इन्व्हाइट परस्पर टाकू नका. पुढच्या आठवड्यातल्या दोन वेळा सुचवा आणि थांबा. दोन्हींवर उत्तर आलं नाही, तर त्यांना डेमो नकोच आहे.

ठाणे_स्लो:
त्यांचं कळणं एक, आपलं त्यांना कळणं दुसरं. 'आय विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्या लेखी 'उत्तर देतो'. सॉफ्टवेअरवाल्या अमेरिकनाला ऐकू येतं, 'केलेला बदल मागे घेतो'. रिलीजच्या दिवशी असा मेल गेला तर तिकडे धावपळ. 'आय विल गेट बॅक टू यू' लिहा. तसंच 'आय हॅव अ डाउट'. आपण शंका विचारतो, त्यांना वाटतं आपला विश्वास नाही. 'क्वेश्चन' म्हणा, विषय संपला.

आणि बेसबॉलचे वाक्प्रचार स्वतः कशाला फेकायचे? समजले म्हणजे पुरे.

मालाड_फास्ट:
टेबलवाल्या कामाचे तास आधीच थोडे लागलेत, ते आज वेगळे काढते. ईओडी मात्र राहिलं. त्यांचा की आपला?

बोरीबंदर:
त्यांनी लिहिलं म्हणजे त्यांचा. न्यू जर्सीचे संध्याकाळचे पाच म्हणजे उन्हाळी वेळेत आपले पहाटेचे अडीच, एरवी साडेतीन. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हे बदलतं. तारीखही उलटलेली असते: त्यांचा मंगळवार संपतो तेव्हा आपल्याकडे बुधवार लागलेला असतो. उत्तर देताना 'ईओडी' परत लिहूच नका. 'बाय ट्यूजडे, फाइव्ह पीएम युवर टाइम' असं वार आणि वेळेसकट लिहा. बॉलपार्क संध्याकाळी ऑफिस सोडण्याआधी पाठवलात तर त्यांच्याकडे सकाळ असते, प्रश्न त्याच दिवशी येतात.